आठ टाक्यांची पीओ आणि गेटवरचा शिक्का

नऊ वर्षं मी वेर्ण्याच्या एका औषधकंपनीत पर्चेसला होते. रोज फोंड्याहून कंपनीच्या बसने जायचं, बोरीच्या पुलावर अडकायचं, टेबलावर बसलं की कोटेशन, कम्पॅरेटिव्ह (दरांची तुलना), पीओ (पर्चेस ऑर्डर), फॉलोअप, आणि संध्याकाळी परत तोच पूल. मग सासऱ्यांची तब्येत ढासळली, कुंडईच्या इस्टेटमधली आमची फॅब्रिकेशनची शेड नवरा आणि दीर या दोघांवर आली, दोघांच्याही हातात कसब आहे पण कागद समोर आला की दोघंही एकमेकांकडे बघणार, म्हणून मी नोकरी सोडली आणि शेडच्या ऑफिसात येऊन बसले. तोपर्यंत मी विकत घेत होते, आता विकायला लागले. मला वाटलं होतं ही प्रोसेस आपल्याला पाठ आहे. पाठ होती ती एका टेबलापुरती. कंपनी खरेदी कशी करते हे मला पूर्ण कळलं ते २०२४ मध्ये, वेर्ण्याच्याच दुसऱ्या एका कंपनीच्या आठ टाक्यांच्या ऑर्डरवर. कुंडई, बेतोडा, मडकई, होंडा, कुठल्याही इस्टेटमध्ये जा, छोट्या शेडवाल्यांना हे कोणी बसून सांगत नाही आणि मग त्यांचे पैसे अडकतात, म्हणून सगळं लिहितेय.

ऑर्डर तशी साधी. २०० लिटरच्या झाकणवाल्या टाक्या, खाली चाकं, आत सोल्युशन बनवायचं. औषधाचा स्पर्श होणारा सगळा भाग एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६एल ग्रेडचा, खालची फ्रेम ३०४ ची चालेल, आतून मिरर फिनिश, झाकणाला सिलिकॉनचं गॅसकेट. आमचा वेल्डर डोळे मिटून करेल असं काम.

आता एक गोष्ट आधी सांगते, ती मला नऊ वर्षं तिथे बसून दिसली नव्हती. बाहेरून वाटतं कंपनी म्हणजे एक गिऱ्हाईक. तसं नसतं. टाकी हवी असते प्रॉडक्शनला. ती कशी असावी हे ठरवतात प्रोजेक्टवाले आणि क्यूए, म्हणजे दर्जाचे नियम सांभाळणारे. दर पर्चेस ठरवतं, उतरवून घेतं स्टोअर, तपासून पास करतं क्यूसी, आणि पैसे देतं अकाउंट्स. यातल्या प्रत्येकाला वेगळ्या गोष्टीवरून बोलणी बसतात. प्रॉडक्शनवाल्याला लाईन थांबली की, क्यूएवाल्याला ऑडिटमध्ये ऑब्झर्वेशन आलं की, पर्चेसवाल्याला मागच्या वेळेपेक्षा दर जास्त गेला की, स्टोअरवाल्याला स्टॉक जुळला नाही की, अकाउंट्सवाल्याला जीएसटीचं क्रेडिट बुडालं की. आपला माल या सगळ्यांच्या भीतीतून पार व्हावा लागतो. आणि आपण बोलतो फक्त पर्चेसवाल्याशी. तो पीओ काढून मोकळा होतो, त्याच्यापुरता विषय संपतो, आपला तिथे सुरू होतो.

सुरुवात व्हेंडर कोडपासून, म्हणजे कंपनीच्या यादीतल्या आपल्या नंबरपासून. कोड नसेल तर सॅपमध्ये, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, आपल्या नावाने पीओच बनत नाही, तुमचा दर निम्मा असला तरी नाही. फॉर्म आला चौदा पानांचा. जीएसटी, पॅन, कॅन्सल चेक, उद्यम (लघु उद्योगाची नोंदणी), तीन वर्षांचे रिटर्न, फॅक्टरी लायसन, प्रदूषण मंडळाची कन्सेंट, मशीनची यादी, आधीची गिऱ्हाइकं, लाच देणार नाही याचं पत्र, कंपनीत तुमचा कोणी नातेवाईक आहे का त्याचं डिक्लेरेशन. असाच फॉर्म मी जुन्या कंपनीत शेकडो लोकांना पाठवलेला आणि अर्धवट भरून आला की परत पाठवायचे. स्वतः भरायला बसले तेव्हा अकरा दिवस लागले, त्यातले सहा तर एका कन्सेंटच्या कॉपीसाठी खेटे घालण्यात गेले. एक सांगते, ही फाईल ऑर्डर यायच्या आधी तयार ठेवा. चौकशी आल्यावर जमवायला बसलात तर दुसऱ्याचं कोटेशन पोचलेलं असतं.

मग ऑडिट. प्रोजेक्टचा एक इंजिनिअर आणि क्यूएच्या एक मॅडम शेडवर आल्या. २०२४ च्या सुरुवातीला औषध कारखान्यांसाठीचं सुधारित शेड्यूल एम आलं होतं, त्यामुळे सगळीकडेच क्यूएवाले जास्त कडक झाले होते. मला वाटलं मशिनं बघतील. मॅडमनी टेबलावरून ग्राइंडिंगचं एक अर्धवट झिजलेलं चाक उचललं आणि विचारलं, "हे कशावर चालवलंय?" दीर गप्प. नवरा गप्प. वेल्डरने नवऱ्याकडे बघितलं. कारण ते चाक सकाळी एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या, गेटवर चाललं होतं आणि दुपारी एसएसवर चाललं असतं, आमच्याकडे तसंच चालायचं. त्या शांतपणे म्हणाल्या की साध्या लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुतले की तिथे गंज धरतो, आणि तो गंज आमच्या टाकीत दिसायला चार महिने लागतात. रागावल्या नाहीत. पण मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं, कारण खरं होतं.

त्या एका प्रश्नावर आम्ही शेडच्या मधे पत्र्याचं पार्टिशन घातलं, एसएस एका बाजूला, एमएस दुसऱ्या बाजूला, दोन नवे ग्राइंडर घेतले आणि त्यांना निळी टेप गुंडाळली, निळी टेपवाला ग्राइंडर लोखंडाला लावायचा नाही म्हणजे नाही. व्हर्निअर कॅलिब्रेट करून आणले, वेल्डरची टेस्ट घेऊन सर्टिफिकेट केलं. पंचेचाळीस हजाराच्या आसपास गेले, ऑर्डर हातात नसताना. सासरे म्हणाले, "अगं, आधी काम येऊ दे, मग खर्च कर." त्यांच्या काळात तसंच होतं, मालक मालकाशी बोलायचा आणि काम मिळायचं. आता कोड आधी, काम नंतर.

जुलैत आरएफक्यू आली, म्हणजे दर मागणारी चौकशी. आम्ही ७६,००० रुपये टाकीला असा दर दिला, पॅकिंग आणि पोच धरून. आठवड्याने पर्चेसच्या मुलाचा फोन, "मॅडम, मुंबईची पार्टी ६९,००० ला देतेय, तुम्हाला एल-१ ला यावं लागेल." एल-१ म्हणजे सगळ्यात कमी दराची पार्टी. हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा बोललेय की त्याच्या पुढचं काय असतं ते मला माहीत होतं. मी विचारलं, "६९,००० हा एक्स-वर्क्स दर आहे ना? मग तुम्ही बेसिक बघताय की लँडेड?" एक्स-वर्क्स म्हणजे त्यांच्या दारातला दर, तोच बेसिक, आणि लँडेड म्हणजे पॅकिंग-भाडं धरून गेटपर्यंत पडणारा. तो थोडा थांबला. मग म्हणाला, पॅकिंग २ टक्के आणि भाडं वेगळं. मी त्याच्यासमोर फोनवरच हिशोब केला. पॅकिंगचे १,३८०. आठ टाक्यांचं मुंबईहून भाडं बावीस हजार धरलं तर टाकीला २,७५०. झाले ७३,१३०. जीएसटी दोघांनाही १८ टक्केच आणि त्याचं कंपनीला क्रेडिट मिळतं, म्हणजे तुलनेत तो धरायचाच नाही. लाकडी क्रेट नको, आम्ही इथूनच आणणार, फिल्म आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणतो, असं म्हणत मी ७३,००० वर आले आणि तिथे थांबले.

पर्चेसवाल्यांना लोक शिव्या घालतात, पण त्या खुर्चीवर बसलेल्याचं वर्षाचं अप्रेझल 'सेव्हिंग'वर असतं. मागच्या खरेदीपेक्षा किती टक्के कमी केलं, पहिल्या कोटेशनवरून किती उतरवलं. म्हणून तो शेवटचा दर दिल्यावरही "अजून काहीतरी करा" म्हणतोच. आणि व्हेंडरला हे माहीत असतं म्हणून तो पहिल्या कोटेशनमध्येच पाच-सात टक्के वर लावून ठेवतो. मी त्या खुर्चीवर असताना किती जणांना असं शेवटचं पिळलंय, त्यातल्या एखाद्याने खरंच तळाचा दर दिलेला असेल, तो काय करत असेल तेव्हा, पत्रा हलका वापरला असेल की मुलांचा ओव्हरटाइम कापला असेल, हे आता शेडमध्ये बसल्यावर डोक्यात येतं. उतरवायचंच असेल तर व्हेंडरला कुठे उतरवायचं ते दाखवा, पॅकिंगमध्ये, भाड्यात, पेमेंट टर्ममध्ये. नुसतं "अजून थोडं" म्हटलं की तो जिथे तुम्हाला दिसत नाही तिथून काढतो.

आम्ही ३० टक्के अॅडव्हान्स मागितला होता. उत्तर आलं, बँक गॅरंटी द्या मग देतो. आता आमची बँक गॅरंटीसाठी मार्जिन म्हणून एफडी मागते, म्हणजे पैसे मिळवायला आधी पैसे अडकवायचे. ते सोडलं आणि मी दुसरं मागितलं, डिलिव्हरी चार-चारच्या दोन लॉटमध्ये आणि बिलही लॉटप्रमाणे. हे त्यांनी लगेच मान्य केलं कारण त्यात त्यांचं काहीच जात नव्हतं. आठही टाक्या एकदम द्यायच्या असत्या तर प्लेटचे पैसे आम्ही कुठून उभे केले असते देव जाणे.

पीओ आली १२ ऑगस्टला. ५,८४,००० अधिक जीएसटी १,०५,१२०. घरी सगळे खूश, सासऱ्यांनी देवासमोर ठेवली. मी रात्री बसून अकरा पानं वाचली. छोट्या शेडवाले पहिलं पान बघतात, दर आणि क्वांटिटी, आणि फाईलला लावतात. जे काय घडायचं ते मागच्या पानांवर असतं. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त ५ टक्के कापणार. १० टक्के रिटेन्शन म्हणून वर्षभर अडकवून ठेवणार. पेमेंट जीआरएनपासून, म्हणजे स्टोअरने माल घेतल्याच्या नोंदीपासून, ४५ दिवस. आणि डिलिव्हरी पहिल्या लॉटला आठ आठवडे, पीओच्या तारखेपासून. मी सकाळीच मेल टाकला की ड्रॉइंग तुम्ही अप्रूव्ह केल्याशिवाय मी प्लेट कापू शकत नाही, तेव्हा आठवडे ड्रॉइंग अप्रूव्ह झाल्यापासून मोजा. त्यांनी पीओ अमेंड करून दिली. ड्रॉइंग परत यायला अकरा दिवस लागले, तीनदा नोझलची जागा बदलली. तो मेल टाकला नसता तर ते अकरा दिवस आमच्या डोक्यावर पडले असते, आणि वर ७ सप्टेंबरला चवथ, गणेश चतुर्थी. चवथीला गोव्यात काम करून दाखवा कोणी. इथली मुलं गावी, जे बाहेरचे आहेत त्यांनाही घरमालक गणपतीवरची माटोळी बांधायला बोलावतात, आठवडाभर शेडला कुलूप.

३१६एलची प्लेट आम्ही मुंबईहून मागवतो, तिथे आम्ही गिऱ्हाईक. प्लेटबरोबर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं, एमटीसी म्हणतात, त्यात त्या हीटची, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या स्टीलची, केमिस्ट्री असते, आणि तोच हीट नंबर प्लेटवर छापलेला असतो. हा नंबर म्हणजे त्या स्टीलचं नाव-गाव. कापताना नंबरवाला कोपरा एका तुकड्यात जातो, बाकीच्या तुकड्यांना नाव राहत नाही. म्हणून कापायच्या आधी पंचने प्रत्येक तुकड्यावर नंबर मारून घ्यायचा असतो. हे सगळ्यांना माहीत असतं. संध्याकाळी सहाला, लाईट जायच्या भीतीने घाईत कापताना विसरतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. चार टाक्या टेम्पोत चढवल्या, वर ताडपत्री, परतीचा पाऊस होता, फर्मागुडीच्या चढावर तर काहीच दिसत नव्हतं. माझ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल, बिल, चलन, एमटीसी, गॅसकेटचं सर्टिफिकेट, वेल्डरचं सर्टिफिकेट. बोरीला अर्धा तास गेला. गेटवर पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं, माल आत घ्यायचं इनवर्ड साडेचारला बंद. ड्रायव्हरचं लायसन, टेम्पोची पीयूसी, सेफ्टी शूज, चाकाखाली लाकडी ठोकळे. ठोकळे आमच्याकडे नव्हते. सिक्युरिटीच्या काकांनी आतून कुणाचे तरी आणून दिले, मग स्टोअरला फोन केला आणि मला म्हणाले, "बाय, आज जावचें ना. स्टोअरांत कोण ना. फाल्यां सकाळीं यो." म्हणजे आज होणार नाही, उद्या सकाळी या.

नऊ वर्षांत मी गेटवरून हजारदा आत गेले असेन, पण गेटवर माल घेऊन कधी उभी राहिले नव्हते. पीओप्रमाणे शेवटची तारीख १८. उद्या सकाळी आणलं असतं तरी तारखेत बसत होतं, पण उद्या पूल बंद पडला, टेम्पो बिघडला तर काय. मी म्हटलं काका, माल उद्या उतरवा, टेम्पो मी आत तुमच्या पार्किंगला ठेवते, पण रजिस्टरमध्ये आजची एंट्री करा आणि माझ्या चलनावर आजचा इनवर्डचा शिक्का द्या. ते म्हणाले स्टोअरला विचारतो. पाच मिनिटं फोनवर बोलले. मग निळ्या शाईचा तो चौकोनी शिक्का, आत तारीख, वेळ चार अठ्ठेचाळीस, खाली त्यांची सही. शाई ओली होती, मी पावसात छत्री चलनावर धरली आणि स्वतः भिजले. तो कागद आमच्या ऑफिसात अजून आहे.

आठ दिवसांनी क्यूसीने बोलावलं. पीएमआयची गन असते, हातात धरायच्या ड्रिलसारखी दिसते, स्टीलला लावून काही सेकंद धरली की स्क्रीनवर धातूंचे टक्के येतात. पहिली टाकी, क्रोमियम सोळा पॉइंट काहीतरी, निकेल दहाच्या वर, मॉलिब्डेनम २ च्या वर. मॉलिब्डेनम आलं की ३१६, ३०४ मध्ये ते नसतंच. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या पास. झाकणंही पास. माझा जीव भांड्यात पडला. मग त्या मुलाने टॉर्च घेऊन प्रत्येक भागावरचा हीट नंबर एमटीसीशी ताडून बघायला घेतला आणि दोन झाकणांवर नंबरच नव्हता.

मी म्हटलं, पण गनने पास झालंय ना, मॉली आलंय ना. त्याने जे सांगितलं ते मी घरी येऊन दिरांना तसंच्या तसं सांगितलं. ही गन कार्बन मोजत नाही. ३१६ आणि ३१६एलमध्ये फरक कार्बनचाच आहे, एलमध्ये जास्तीत जास्त ०.०३ टक्के, साध्यात ०.०८ पर्यंत चालतो. कार्बन जास्त असला की वेल्डच्या बाजूला तो क्रोमियम धरून बसतो आणि तिथे पुढे स्टील खायला लागतं. म्हणजे हे झाकण ३१६ आहे हे मशीन सांगतं, पण एल आहे हे फक्त कागद सांगतो, आणि कागद स्टीलला जोडणारी दोरी म्हणजे तो पंच केलेला नंबर. दोरी तुटली की स्टील कितीही चांगलं असो, ते कोणाचं हे कोणी सांगू शकत नाही. मी पर्चेसला असताना एमटीसी मागायचे ते चेकलिस्टमध्ये खूण करायला. ती खूण कशाची होती हे मला त्या दिवशी, त्या टॉर्चच्या उजेडात कळलं.

शेडवर विचारलं तर दीर म्हणाले प्लेट कमी पडली म्हणून दोन झाकणं जुन्या तुकड्यातून कापली होती, ३१६एलच होता तो, मला खात्री आहे. खात्री मलाही होती. पण तो तुकडा आधीच्या दोन कामांपैकी कुठल्या कामाचा हे फाईल काढून रात्री अकरापर्यंत शोधलं तरी सापडेना. कोणी कोणावर ओरडलं नाही. दोन नवी झाकणं केली, चौदा हजार आणि मधे दिवाळी. १२ नोव्हेंबरला ती पास झाली.

आता पैशाचं, ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले. चारपैकी दोन टाक्या पहिल्याच दिवशी पास होत्या. मला वाटलं त्या दोनचे पैसे आधी येतील. अकाउंट्समधून उत्तर आलं, बिल चारचं आहे, जीआरएनमध्ये पास दोन, पीओ चारची, तिन्ही जुळत नाहीत, सिस्टीममध्ये ब्लॉक आहे. याला थ्री-वे मॅच म्हणतात, पीओ, जीआरएन आणि बिल, तिन्हीतला आकडा एक असल्याशिवाय पेमेंट पुढे सरकत नाही. मी हा शब्द नऊ वर्षं ऐकला होता, बिल कधी हातात आलं नव्हतं. पीओ काढली की माझं काम संपायचं.

कायदा काय म्हणतो तेही वाचून काढलं. २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) कायदा, करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, लेखी करार नसेल तर १५ दिवस. आणि दिवस कुठून मोजायचे हे कायद्यातच लिहिलंय, माल स्वीकारल्यापासून. पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ज्या दिवशी पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात, आणि हरकत आली असेल तर ती दूर केल्याचा दिवस. म्हणजे माझ्या दोन टाक्यांचे दिवस १२ नोव्हेंबरपासून, ते बरोबर आहे, चूक आमची होती. पण बाकी दोन टाक्यांवर हरकतच नव्हती, त्यांचे १७ ऑक्टोबरपासून, आणि त्याचा पुरावा माझ्याकडे गेटच्या शिक्क्यात होता. मी शिक्क्याचा फोटो लावून मेल केला, नीट भाषेत. अकाउंट्सच्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या तुमचं म्हणणं बरोबर आहे पण बिल एक असल्यामुळे सिस्टीम मला तोडून देत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने महिन्यावारी चक्रवाढ व्याज मागता येतं, तेव्हा बँक रेट ६.७५ होता म्हणजे २०.२५ टक्के. मी मागितलं नाही. पुढची ऑर्डर हवी असणारा कोणीच मागत नाही, हे सरकारलाही माहीत असेल.

कंपनीची पेमेंटची बॅच महिन्यात दोनदाच निघते, १० आणि २५ तारखेला. १२ नोव्हेंबर अधिक ४५ म्हणजे २७ डिसेंबर, २५ ची बॅच दोन दिवसांनी हुकली, पैसे आले १० जानेवारीला. रिटेन्शन कापून ३,१५,३६०. गेटवर शिक्का पडल्यापासून ८५ दिवस. या सगळ्या काळात प्लेटवाल्याचे पैसे दिलेले, मुलांचे पगार दिलेले, आणि बिलावरचा जीएसटीही नोव्हेंबरमध्येच भरलेला, कारण जीएसटी बिलावर लागतो, पैसे आले की नाही हे कोणी विचारत नाही. बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट) लिमिट काठाला टेकलं होतं. नवऱ्याने ते दोन महिने कोणाला फोन उचलून नीट उत्तर दिलं नाही, मी त्याला दोष देत नाही.

दुसऱ्या लॉटला मी चार टाक्यांची चार वेगळी बिलं आणि चार वेगळी चलनं केली. पर्चेसच्या मुलाने विचारलं एवढं कशाला, मी म्हटलं एक टाकी अडकली तर तीन सुटू देत. १४ नोव्हेंबरला माल गेटवर, चारही चलनांवर शिक्का. एका टाकीचं चाक जरा कडक फिरत होतं, ते दुसऱ्या दिवशी आमच्या मुलाने तिथेच जाऊन बदललं. या लॉटचेही पैसे १० जानेवारीलाच आले. म्हणजे पहिल्या लॉटनंतर चार आठवड्यांनी गेलेला माल आणि पहिला लॉट, दोघांचे पैसे एकाच दिवशी. बँकेचं स्टेटमेंट बघून मी नवऱ्याला हाक मारली आणि त्या ओळी दाखवल्या.

बिलाबद्दल अजून दोन गोष्टी. उद्यम नंबर बिलावर छापा, सूक्ष्म की लघु तेही लिहा. २०२३-२४ पासून प्राप्तिकरात कलम ४३बी(एच) लागू झालं, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतः फोन करायला लागलेत, आधी असं कधी झालं नव्हतं. पण हे माल बनवणाऱ्याला आणि सर्व्हिस देणाऱ्याला, नुसता ट्रेडिंग करणाऱ्याला नाही. दुसरं, आम्ही जीएसटीचं रिटर्न तिमाही भरतो. तिमाहीवाल्यांनी त्या महिन्याची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये, म्हणजे मधल्या महिन्यांची बिलं पोर्टलवर टाकायच्या सोयीत, टाकली नाहीत तर ती कंपनीच्या २बी मध्ये, म्हणजे तिच्या क्रेडिटच्या यादीत, तिमाही संपेपर्यंत दिसत नाहीत, आणि दिसत नाही तोवर जीएसटीची रक्कम थांबवून ठेवतात. आमच्या शेजारच्या शेडवाल्याचं असं दोनदा झालं, त्याला वाटत होतं कंपनी मुद्दाम त्रास देतेय.

सर्व्हिसचं वेगळंच. त्याच कंपनीत डिसेंबरच्या शटडाऊनला प्लॅटफॉर्म दुरुस्तीचं काम मिळालं, सहा माणसं पाच दिवस. तिथे गेटचा शिक्का नाही, तोलायला-मोजायला माल नाही. ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) पैसे भरल्याचे चलन किंवा कामगारांची इन्शुरन्स पॉलिसी दिल्याशिवाय गेटपास नाही, कारण आमच्या माणसाला काही झालं तर जबाबदारी मुख्य मालक म्हणून कंपनीवरही येते. उंचीवर काम म्हणून रोजचं परमिट वेगळं. आणि काम झाल्यावर सिस्टीममध्ये सर्व्हिस एंट्री करायची ती ज्याने काम करून घेतलं त्याने, आणि महिन्याने तो म्हणतो पाच दिवस कुठे, चारच होते ना. म्हणून मी आमच्या मुलाला रोज संध्याकाळी एक पान भरून, माणसं, तास, कुठला भाग केला, त्यांच्या इंजिनिअरची सही घेऊनच गेटबाहेर यायला सांगितलं होतं. पाचही दिवसांची पानं बिलाला जोडली, एक प्रश्न आला नाही.

शेडमध्ये आता पंचचा सेट कटिंग मशीनला साखळीने बांधलाय. दिरांनीच बांधला. उरलेल्या तुकड्यांसाठी वेगळं रॅक, नंबर नसलेला तुकडा त्या रॅकवर जात नाही, तो थेट भंगारात, मग तो कितीही मोठा असो. गेल्या महिन्यात दीड फुटाचा चांगला तुकडा त्यांनी स्वतः भंगारात टाकला, मी काही बोलले नाही.

रिटेन्शनचे ५८,४०० अजून यायचेत. आणि त्याच कंपनीची परवा नवी आरएफक्यू आलीय, चौदा ट्रॉल्या. कोटेशन द्यायची शेवटची तारीख सोमवार, मुंबईच्या प्लेटवाल्याचा दर अजून आला नाही, उद्या सकाळी पहिला फोन त्याला.